मामाचं ६४ जीबीचं कार्ड आणि मी दाबलेलं एक 'ओके'

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं काउंटर आहे. दिवसाला चार-पाच गिऱ्हाईकं तरी 'मेमरी फुल्ल दाखवतोय ओ' म्हणत येतात, त्यामुळं मेमरी कार्ड हा माझा रोजच्या भाकरीचा विषय. पण आत्ता जे प्रकरण लिहितोय ते गिऱ्हाइकाचं नाही, सख्ख्या मामाचं आहे, आणि त्यात चूक कुणाची म्हणाल तर पहिली माझीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. असं अजून दहा घरांत होऊन बसलेलं असणार आणि त्यांना पत्ताही नसणार.

मामाचं चप्पल लाईनीत दुकान आहे. लहानच, पण मापाची चप्पल करून देणारं. आता मापाची म्हणजे काय तर गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची, अंगठ्यापाशी आणि टाचेपाशी खूण करायची, बाजूला नाव, गाव, फोन नंबर आणि मग मामाच्या अक्षरात 'डावा जरा मोठा', 'कान रुंद', 'गोंडा नको', 'आवाज पायजे' असलं काहीतरी (कान म्हणजे चपलेच्या बाजूच्या पट्ट्या, आवाज म्हणजे चालताना होणारी करकर). एकदा माप घेतलं की तो माणूस पुण्यातनं नाहीतर मुंबईतनं नुसता फोन करतो, 'मामा, मागच्यासारखीच करा', की झालं. हे कागद म्हणजे मामाचा खरा धंदा. कातडं काय, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चांगलं कातडं पैसे टाकले की मिळतंय, माप नाही मिळत.

हे कागद पूर्वी घरी असायचे, शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या अंगाला, पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरातल्या माणसाला सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका पातळी, आणि त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मामीनं गॅस, टीव्ही, कागदपत्रं माळ्यावर टाकली, ट्रंकेची आठवण कुणालाच झाली नाही. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत लगदा. जे कागद धड होते ते गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवले आणि तिथंच मामानं ठरवलं की आता कागदावर भरवसा नाही, सगळं मोबाईलमधे. प्रत्येक कागदाशेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवून फोटो काढायचा, म्हणजे कारागिराला आकार कळतो. (ही फूटपट्टीची आयडिया मामाची, आणि पुढं त्या फूटपट्टीनंच अर्ध वाचवलं, ते नंतर.)

आता मामाचा फोन. तो २०१८ ला मीच घेऊन दिलेला, अँड्रॉइड ७, आतली मेमरी १६ जीबी. १६ म्हणजे हातात ९-१० येतात, बाकी सिस्टिम खाते. चार महिन्यात फुल्ल झाला. मग ६४ चं कार्ड आणलं, घातलं, आणि फोननं तो प्रश्न विचारला जो सगळेजण न वाचता पुढं ढकलतात: हे कार्ड पोर्टेबल स्टोरेज म्हणून वापरायचं का इंटर्नल म्हणून?

खरं सांगायचं तर तेव्हा मला दोन्हीतला फरक अर्धाच माहीत होता. पोर्टेबल म्हणजे पेनड्राइव्हसारखं, फोटो-गाणी टाका, काढा, दुसरीकडं लावा. इंटर्नल म्हणजे फोन ते कार्ड आपल्याच पोटात घेतो, मेमरी वाढल्यासारखी दिसते आणि ॲप पण तिकडं जातात. ही सोय अँड्रॉइड ६ मधे आली, २०१५ ला. त्याच्या आधी २०१० च्या अँड्रॉइड २.२ पासनं ॲप कार्डावर हलवता यायचं, पण ते अर्धमुर्ध, ॲपचा थोडा भाग आतच राहायचा, विजेट चालायचं नाही, असले ताप. मग ४.४ मधे तर कार्डावर स्वतःच्या फोल्डरबाहेर लिहायची मुभाच ॲपकडनं काढून घेतली. त्यामुळं ६ मधली ही 'इंटर्नल' सोय बघून मला वाटलं नाद खुळा, आता कटकटच मिटली. मामाला म्हटलं, "मामा, तुमचा फोन आता ८० जीबीचा झाला बघा." मामा खूश.

दोन गोष्टी तेव्हा स्क्रीनवर आल्या होत्या आणि दोन्ही मी वाचल्या नाहीत. एक, फॉरमॅट करताना फोन कार्डाचा वेग तपासतो आणि स्लो असेल तर तसं सांगतो. तसं सांगितलं होतं. मी ओके दाबलं. दुसरं, हे कार्ड आता फक्त याच फोनमधे चालेल असं लिहिलेलं होतं. त्यालाही ओके. शेवटी 'डेटा आत्ता हलवायचा का' विचारलं, हो म्हटलं, आणि त्या क्षणापासनं कॅमेऱ्याचा प्रत्येक फोटो कार्डावर जाऊ लागला.

आता 'फक्त याच फोनमधे' म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच आहे. इंटर्नल करताना फोन कार्ड एन्क्रिप्ट करतो, म्हणजे त्यावरचं सगळं कुलुपात टाकतो. आणि कुलुपाची चावी कार्डावर ठेवत नाही, फोनच्या आतल्या मेमरीत ठेवतो. कार्ड म्हणजे कपाट आणि फोन म्हणजे चावी लावलेला खिळा. त्यात वाईट काही नाही, कार्ड चोरीला गेलं तर चोराच्या हाती काहीच लागत नाही. फक्त खिळा भिंतीसकट गेला की कपाट आपल्यालाही उघडत नाही.

चार वर्ष फोन चालला. चालला म्हणजे रडतखडत. व्हॉट्सॲप उघडायला लागायचा वेळ बघता मामा तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला दोन जोड दाखवून व्हायचे. याचं कारण पण ते कार्डच होतं. कार्डावर 'क्लास १०' लिहिलेलं असतं ना, ते सलग लिहिण्याचा वेग सांगतं, सेकंदाला कमीत कमी १० एमबी, व्हिडिओ रेकॉर्ड करायला पुरेसं. पण ॲप सलग वाचत नाही, इथलं चिमूटभर, तिथलं चिमूटभर असं हजार ठिकाणी हात घालतं. त्यासाठी वेगळी खूण आहे, ए१ आणि ए२. ए१ म्हणजे सेकंदाला १५०० तरी असे बारीक वाचायचे हात आणि ५०० लिहायचे, ए२ ला ४००० आणि २०००. मामाच्या कार्डावर यातलं काहीच नव्हतं. गिऱ्हाईक क्लास १० बघतं आणि दुकानदार पण तेच दाखवतो, मी पण दाखवायचो.

आणि मग २०२२ चा डिसेंबर. फोन पारच हँग व्हायला लागला, टच चालेना, मधेच बंद. मी तेव्हा आठ दिवस गावाला होतो. मामा दुसऱ्या एका दुकानात गेले, तिथल्या पोरानं बघून सांगितलं की सॉफ्टवेअर गंडलंय, फॉरमॅट मारायला लागेल, डेटा जाईल. मामांनी ऐटीत सांगितलं, "मार की. माझं सगळं कार्डात हाय." त्या पोरानं उलट काळजीनं कार्ड काढून मामाच्या हातात दिलं, हे सांभाळा म्हणाला, आणि मग फॅक्टरी रीसेट मारला. त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं, आधी विचारलं नसतं की कार्ड कसं सेट केलंय. आता विचारतो.

रीसेट झाला, फोन मस्त पळाय लागला, कार्ड घातलं तर फोन म्हणतोय हे कार्ड सपोर्ट होत नाही, सेट अप करा. मामांनी एक काम चांगलं केलं, पुढचं बटण दाबलं नाही. मला फोन केला. "बाळ्या, कार्ड नाय म्हणतोय रं."

मी आल्यावर पहिलं कार्ड रीडरला लावलं. विंडोज लगेच म्हणालं, डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करा. हा मेसेज मी हजार वेळा बघितलाय, साधं करप्ट कार्ड असलं तरी हाच येतो, म्हणून अजून धीर होता. मग विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, त्यात कार्डाचे भाग कसे पाडलेत ते दिसतं. तिथं कार्डाचे दोन तुकडे दिसले, एक १६ एमबीचा बारका आणि एक उरलेला सगळा, त्याच्यावर ना नाव ना फॉरमॅट. तो १६ एमबीचा तुकडा बघितला आणि पोटात खड्डा पडला. साध्या कार्डाला तसला तुकडा नसतो. इंटर्नल केलेल्या कार्डाचीच ती खूण. तेव्हा कुठं आठवलं की २०१८ ला मी काय दाबलं होतं.

तरी पण मन मानत नाही ना. फोटोरेक म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते फोल्डर-बिल्डर बघत नाही, सरळ कार्डाचा एकेक कण वाचत जातं आणि जेपीईजी फोटोची सुरुवात जशी असते तसे बाइट दिसले की फोटो उचलतं. डिलीट झालेले, फॉरमॅट झालेले फोटो त्यानं मी कितीतरी जणांना काढून दिलेत, एकांना तर बारशाचे सगळे. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी ७ फाईली, सातही उघडेनात. उघडणारच नाहीत, कुलुपातला डेटा बाहेरनं बघितला तर नुसती वाळू, त्यात चुकून कुठंतरी फोटोच्या सुरुवातीसारखे बाइट जुळतात एवढंच. आणि चावी होती फोनच्या ज्या भागात, तोच भाग रीसेटनं पुसलेला. रीसेटच्या आधी फोन माझ्याकडं आला असता तर निदान कार्ड आत असताना सगळे फोटो केबलनं लॅपटॉपवर ओढून घेतले असते, कितीही हँग होऊ दे. गूगल बॅकअपमधे असेल का असं मामीनं विचारलं. ही चावी गूगलच्या बॅकअपमधे जात नाही, आणि फोटोंचा बॅकअप 'नेट संपतंय' म्हणून मामांनीच बंद केलेला.

मामांना सांगायला दुकानात गेलो. लोक होते म्हणून थांबलो, मग सांगितलं. मामा थोडा वेळ काउंटरवरची एक कापशी चप्पल हातात घेऊन तिची वेणी चाचपत बसले. मग म्हणाले, "म्हंजे कार्ड खराब नाय?"

"नाही, कार्ड एकदम चांगलंय."

"फोटो त्यातच हायत?"

"त्यातच आहेत मामा."

"आणि दिसणार नाईत."

"नाही."

"मग पुरातली ट्रंक बरी की रं. निदान कळलं तरी की भिजलं."

यावर काय बोलणार. सांगून टाकलं की हे मीच केलेलं, ओके मी दाबलेलं. मामा म्हणाले चहा घे.

मग गोळा करायचं काम सुरू झालं आणि त्यात आम्हाला ज्यानं तारलं तो मामाचा कारागीर. मामा माप घेतलं की फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे, तो गावात बसून कातडं कापायचा. त्या माणसाला फोटो डिलीट करायचा कंटाळा, गॅलरीत तीन वर्षाचे पाय पडलेले. रविवारी गाडी काढून गेलो, त्याचा फोन केबलनं लॅपटॉपला लावला आणि व्हॉट्सॲपचा इमेजेसचा सगळा फोल्डर उचलला, गुड मॉर्निंगच्या फुलांसकट. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करून पाठवतं, त्यामुळं क्लॅरिटी गेलेली, पण पायाच्या रेषेला क्लॅरिटी कशाला लागते, आणि शेजारी फूटपट्टी होतीच. प्रिंट काढताना फूटपट्टीचे सेंटीमीटर खऱ्या फूटपट्टीशी जुळवले की माप तंतोतंत. बाकी काही गिऱ्हाइकांनी स्वतःच्या फोनमधनं परत पाठवले, काही कागद मामीनं बिस्किटाच्या डब्यात ठेवलेले सापडले. अंदाजे दोन हजारांतले बाराशेच्या आसपास पाय परत आले. न आलेल्यात बरेचसे ते होते जे पुरातनं वाचवून गच्चीवर वाळवलेले, कारण ते जुने, कारागिराला कधी पाठवलेच नव्हते, आणि फोटो काढल्यावर मूळ कागद मामांनीच टाकून दिले होते. त्यातले काही लोक आता हयात पण नाहीत.

मधे एक उपप्रकरण झालं. मामांना वाटलं सगळा घोळ कार्ड लहान असल्यानं झाला, तर एका फिरत्या विक्रेत्याकडनं तीनशे रुपयात '५१२ जीबी'चं कार्ड घेऊन आले. मी म्हटलं मामा, तीनशेला ५१२ येत असतं तर मी दुकान कशाला चालवतोय. पण नुसतं म्हणून पटत नाही म्हणून त्यांच्यासमोर टेस्ट लावली. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं जुनं जर्मन सॉफ्टवेअर आहे, ते कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं परत वाचून बघतं. दुसऱ्या दिवशी निकाल आला, २९ जीबी बरोबर, पुढचं सगळं खोटं. आत ३२ चीच चिप, फक्त तिला 'मी ५१२ आहे' म्हणायला शिकवलेलं. असल्या कार्डाची गंमत म्हणजे ते नाही म्हणत नाही, भरल्यावर पण फोटो घेत राहतं, नावं दिसतात, उघडलं की राखाडी. हां, पण खऱ्या कंपनीचं ६४ चं कार्ड विंडोजला ५९ दिसलं म्हणून भांडायला येऊ नका, तिथं फसवणूक नाही, कंपनी ६४ अब्ज बाइट मोजून देते आणि विंडोज १०२४ च्या हिशोबानं मोजतं, एवढंच.

आता सध्याची व्यवस्था. नवा फोन घेताना मामाला दोन सिम पायजेत, एक दुकानाचं एक घरचं, आणि बऱ्याच फोनच्या ट्रेमधे दुसरं सिम नाहीतर कार्ड, दोन्हीतलं एकच बसतं. म्हणून शोधून असा घेतला ज्यात कार्डाला वेगळी खाच आहे. आतली मेमरी १२८. एवढी असल्यावर ॲप कार्डावर टाकायची गरजच राहत नाही, आणि माझं मत विचाराल तर आता कुणीच टाकू नये, १६ जीबीच्या काळातली ती मजबुरी होती. बँकेची ॲप तर तशीही जात नाहीत, आणि ॲप सारखं लिहीत-पुसत असतं, फ्लॅश मेमरीला लिहायच्या फेऱ्या मोजून दिलेल्या असतात, त्या लवकर संपतात. संपल्यावर कधीकधी काय होतं तर कार्ड फक्त वाचण्यापुरतं उरतं. एका बाईंचं असं आलेलं, आम्ही फॉरमॅट मारला, कॉम्प्युटर झालं म्हणाला, काढून परत घातलं तर लग्नाचे फोटो जागच्या जागी. त्या म्हणाल्या भूत लागलंय काय ओ. म्हटलं भूत नाही ताई, कार्डानं लेखणी खाली ठेवली, आता फोटो आहेत तोवर उतरवून घ्या.

तर मामाचा कॅमेरा आता फोनच्या आतच फोटो ठेवतो. नवं कार्ड पोर्टेबल म्हणून आहे, त्यावर नुसती कॉपी. पोर्टेबल कार्डाला कुलूप नसतं, कुणीही रीडरला लावून बघू शकतं, आणि मापाच्या कागदावर लोकांचे नाव-नंबर आहेत, म्हणून फोन रिपेअरला द्यायच्या आधी कार्ड काढून घरी ठेवायचं हे मामाला पाठ करून घेतलंय. फक्त मापांचा अल्बम दुकानातल्या वायफायवर गूगलला पण जातो. जून २०२१ पासनं तिथं फोटोंना पण १५ जीबीची मर्यादा आहे, पण पेन्सिलच्या रेषेचे फोटो त्यात आरामात मावतात, यात्रेचे व्हिडिओ नाही टाकले म्हणजे झालं. आणि तिसरी कॉपी माझ्या लॅपटॉपवर. ही कधी घ्यायची हे ठरेना, महिन्याची एक तारीख मामाच्या लक्षात राहत नाही, तर मामीनंच तोडगा काढला. अमावस्येला दुकानात नारळ फुटतो तो काय कधी चुकत नाही, त्याच दिवशी मी केबल घेऊन जायचं. गेल्या वर्षभरात एकदाच चुकलं, तेही माझ्यामुळं, आणि मामाचा फोन आला, नारळ झाला, तू कुठायस.

जुनं ६४ चं कार्ड अजून आहे. मी दोनदा म्हटलं, मामा द्या, फॉरमॅट मारून गाडीत गाण्याला लावतो, चांगलं कार्ड आहे. मामांनी ते प्लास्टिकच्या बारक्या पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलंय, वरनं चिकटपट्टी, त्यावर पेननं लिहिलंय 'पाय – हात लावू नये'.